सगळ्यांचा दगड सारखा, मग परमवीराचा मान दिसतो कुठे?

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास शौर्यपदकांची यादी जाहीर होते आणि पुढचे काही दिवस पुण्यात ठरलेली चर्चा रंगते. अमुक चौकाला नाव द्या, तमुक बागेत पुतळा बसवा. त्यातच कुणीतरी हमखास विचारतं: खडकीला एवढी मोठी, नीटनेटकी लष्करी दफनभूमी आहे, तर पदकविजेत्या जवानांचं एक स्मारक तिथेच का उभारत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. पण दफनभूमी, स्मारक आणि पदक या तीन गोष्टी आपण एका दमात बोलतो, आणि तिथेच घोळ होतो. तिन्हींचे नियम वेगळे आणि सांभाळणारे वेगळे. दफनभूमी मेलेल्यांची असते. स्मारक आठवणीसाठी असतं. तिथे देह असायलाच हवा असं नाही. पदक एका कृत्यासाठी मिळतं, मग ते करणारा जगो वा मरो. या तीन गोष्टी एका जागी आणायच्या म्हटल्या की काय काय अडचणी येतात, ते एकेक करून बघू. सुरुवात खडकीपासूनच.

खडकीत नक्की कोण आहे?

होळकर पुलाजवळची वॉर सिमेट्री बहुतेक पुणेकरांनी बाहेरून पाहिलेली असते. आत गेलेले थोडे. हे इंग्रजांचं जुनं कबरस्तान असावं असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी मुद्दाम घडवलेली जागा आहे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे अशा सैनिकांच्या कबरी विखुरलेल्या होत्या आणि त्यांची कायमची निगा राखली जाईल याची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या गेल्या. अशा १,६६८ कबरी इथे आहेत. म्हणजे इथे विसावलेले सगळे पुण्यात वारले असं मुळीच नाही.

याच आवारात पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत. हे सैनिक त्या युद्धकाळात भारतात वारले आणि आजच्या भारत-पाकिस्तानातल्या निरनिराळ्या गावांच्या, छावण्यांच्या दफनभूमीत पुरले गेले. पुढे त्या कबरी सांभाळणं अशक्य झालं, म्हणून नावं खडकीला आली. यांपैकी ६२९ जणांचे अवशेष मात्र जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून खरोखरच इथे आणून पुरले गेले. शिवाय पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांसाठी एक वेगळं स्मारक आहे. १९३९ ते १९४५ या काळात ते भारतात, लढाईपासून दूरच्या भागांत वारले. कुठल्या कुठे घर, आणि नाव कोरलंय मुळा नदीच्या काठाशी.

या जागेची देखभाल ना पुणे महापालिका करते, ना खडकी कॅन्टोन्मेंट बोर्ड. ती करते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही आंतरराष्ट्रीय संस्था, यापुढे नुसतं ‘कमिशन’. २१ मे १९१७ रोजी, पहिलं महायुद्ध चालू असतानाच ती स्थापन झाली. फेबियन वेअर हा तिचा जनक. तेव्हा नावात ‘इम्पीरियल’ होतं, १९६० मध्ये ते जाऊन ‘कॉमनवेल्थ’ आलं. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची जबाबदारी तिच्याकडे आहे.

जबाबदारीच्या तारखाही पक्क्या ठरलेल्या आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या दोन चौकटींच्या बाहेर मृत्यू आला तर तो सैनिक कितीही थोर असो, कमिशनच्या वहीत त्याचं नाव चढत नाही. १९४८ नंतर देशासाठी लढलेल्या आपल्या जवानांचं स्मारक खडकीच्या या दफनभूमीत का नाही, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. उरलेलं निम्मं जास्त रंजक आहे.

एकाच मापाचा दगड

कमिशनने सुरुवातीलाच काही तत्त्वं ठरवली. प्रत्येक मृताचं नाव कुठेतरी कोरलेलं असेल, कबरीवर किंवा स्मारकावर. दगड कायमचा असेल. तो सगळ्यांचा सारखा असेल. आणि हुद्दा, वंश, धर्म यावरून भेद केला जाणार नाही. कमिशनचा नमुनेदार उभा दगड २ फूट ८ इंच उंच, १ फूट ३ इंच रुंद आणि ३ इंच जाड. कर्नल असो की खानसामा, माप तेच.

आज हे ऐकायला साधं वाटतं, पण त्या काळी यावरून इंग्लंडात रणकंदन माजलं होतं. श्रीमंत घराण्यांना मुलाचा देह मायदेशी आणायचा होता, निदान त्याच्या कबरीवर आपल्या पसंतीचा संगमरवरी क्रूस तरी उभारायचा होता. दोन्हीला नकार मिळाला. युद्धात तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांच्या पुढाकाराने आठ हजारांवर सह्यांचा अर्ज गेला. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेत चर्चा झाली आणि कमिशनचं म्हणणं टिकलं. कमिशनचा सभासद असलेल्या लेखक रडयार्ड किपलिंगचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता. कबर सापडलेलीच नव्हती. ज्यांना दगड मिळाला त्यांनी तक्रार करावी आणि ज्यांना तोही नाही त्यांनी काय करावं, असा तो सगळा पेच होता.

तडजोड म्हणून कुटुंबाला दगडाच्या तळाशी दोन ओळी कोरून घेण्याची मुभा मिळाली. मर्यादा ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. लेकाबद्दल आईला जे काही म्हणायचंय ते ६६ अक्षरांत! कधी खडकीला गेलात तर हुद्दा आणि पलटण वाचून पुढे जाऊ नका, खाली वाकून या ओळी वाचा. बायबलातलं वचन असतं, एखाद्या कवितेची ओळ असते, कधी फक्त घरातलं लाडाचं नाव असतं.

मग पदक दगडावर दिसतं की नाही?

दिसतं, पण जपून. आपल्याकडच्या पंगतीचं उदाहरण घ्या. मुंजीच्या पंगतीत सगळ्यांना एकाच मापाचं केळीचं पान, तेच वरण-भात, तीच जिलबी. बटूच्या पानाभोवती मात्र रांगोळी जरा ठसठशीत असते. पान मोठं होत नाही, बटूला वेगळ्या दालनात बसवत नाहीत, पण कुणाचा मान आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. कमिशनने नेमकं हेच केलं.

साध्या दगडावर वर पलटणीचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय आणि मध्यभागी धर्मचिन्ह. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेला असेल तर मधल्या जागी त्या पदकाचीच आकृती कोरलेली असते. बाकी पदकांसाठी नावापुढे नुसती आद्याक्षरं. दगड तेवढाच, रांगही तीच.

अमेरिकेने थोडी वेगळी वाट धरली. तिथल्या लष्करी दफनभूमीत ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालेल्या सैनिकाच्या दगडावरची अक्षरं सोनेरी असतात. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनमध्ये पांढऱ्या दगडांच्या रांगांतून फिरताना मध्येच एखादा सोनेरी दगड उठून दिसतो. दगडाचा साचा मात्र तिथेही वेगळा नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सोनेरी अक्षरांपेक्षा मला कोरीव आकृती बरी वाटते. तिच्यापुढे थांबावं लागतं. लांबून चमकत नाही.

इथे एक बारकावा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. त्या काळच्या ब्रिटिश नियमांनुसार रणांगणावरच्या शौर्यासाठी मृत्यूनंतर साधारणपणे दोनच सन्मान देता येत: एकतर थेट व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर युद्धवृत्तांतात नुसता नावाचा उल्लेख. मधली मिलिटरी क्रॉस किंवा मिलिटरी मेडलसारखी पदकं मरणोत्तर मिळत नसत. हा नियम १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकला. याचा अर्थ, महायुद्धातल्या एखाद्या दगडावर नावापुढे मिलिटरी मेडलची अक्षरं दिसली, तर ते बहुधा आधीच्या एखाद्या पराक्रमाचं पदक असतं. ज्या कृत्यात जीव गेला त्याची दखल त्या दगडावर नसण्याचीच शक्यता जास्त. आपल्या परमवीर, महावीर आणि वीर चक्रांना अशी अट नाही. तिन्ही मरणोत्तर देता येतात.

पदक कोणाला मिळतं, आणि कोणाचं राहून जातं?

पदक आकाशातून पडत नाही. आधी कुणीतरी लिहावं लागतं. तुकडीचा अधिकारी घटनेचा तपशील लिहितो, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब जोडतो आणि शिफारस वर पाठवतो. ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, सेना मुख्यालय, संरक्षण मंत्रालय असा तिचा प्रवास होतो. प्रत्येक पायरीवर ती वर जाऊ शकते, खालच्या पदकावर येऊ शकते किंवा बाजूलाही पडू शकते. शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी. पदकासोबत जो अधिकृत मजकूर प्रसिद्ध होतो त्याला ‘सायटेशन’ म्हणतात: कोणत्या दिवशी, कुठे, काय केलं, याचं कोरडं, विशेषणांना न भुलणारं वर्णन.

यातली गोम उघड आहे. ज्या तुकडीतला शेवटचा माणूसही मेला, तिथे लिहिणार कोण आणि पाहिलं कोणी? म्हणून पदक म्हणजे ‘सगळ्यांत शूर’ असा दाखला नव्हे. पदक म्हणजे साक्षीदार असलेलं शौर्य. हे म्हटल्याने पदकाची किंमत कमी होत नाही, पण दफनभूमीत दगडांची मापं का सारखी ठेवली याचं मर्म इथे आहे. शेजारच्या दगडाखालचा माणूस कमी शूर होता असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

भेदभावाचा इतिहासही आहेच. १९११ पर्यंत हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नव्हता. नियमच तसा होता. त्याआधी कोणी कितीही मोठा पराक्रम गाजवला असला तरी त्याच्यासाठी ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ हा वेगळा सन्मान होता. म्हणजे ‘व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचं स्मारक’ असं म्हटलं की १९११ आधीचे सगळे देशी शिपाई एका फटक्यात बाद.

शूर होते, आणि जगलेसुद्धा

खडकीचंच उदाहरण घेऊ, कारण ते फार बोलकं आहे. बॉम्बे सॅपर्स म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, सैन्यातली अभियंत्यांची पलटण. तिचं मुख्यालय खडकीत आहे. या पलटणीच्या दोन अधिकाऱ्यांना दोन वेगवेगळ्या राजवटींनी आपलं सर्वोच्च पदक दिलं, आणि दोघांचं काम जवळपास एकच होतं: सुरुंग काढणं.

प्रेमिंद्रसिंह भगत यांनी १९४१ च्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या मोहिमेत, चार दिवसांत, ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं शोधून मोकळी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते स्वतंत्र भारताच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले. दुसरे राम राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी अडवलेला होता. जखमी असताना, शत्रूच्या माऱ्याखाली, ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस ते रणगाड्यांसाठी वाट मोकळी करत राहिले. परमवीर चक्र मिळवणारे ते हयात असलेले पहिले जवान.

दोघेही रणांगणातून परत आले. राणे १९९४ साली वारले, भगत १९७५ साली. नामदेव जाधव यांचंही तसंच: मराठा पलटणीचे हे शिपाई ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणत होते, मग एकट्याने मशीनगनच्या ठाण्यांवर तुटून पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि १९८४ पर्यंत जगले. यांपैकी कुणाचंही नाव युद्धात पडलेल्यांच्या यादीत येणार नाही, कारण ते पडलेच नाहीत! परमवीर चक्राच्या एकूण २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळालं; सात जण ते छातीवर लावायला जिवंत होते.

तेव्हा ‘दफनभूमीत पदकविजेत्यांचं स्मारक’ म्हणताना पहिला निर्णय हाच घ्यावा लागतो. इथे पुरलेल्यांपैकी पदकविजेते, की सगळेच पदकविजेते? पहिलं निवडलं तर यादी लहान, पण जागेशी तिचं थेट नातं. दुसरं निवडलं तर यादी मोठी, पण मग दफनभूमीच कशाला, दुसरी कुठलीही चांगली जागा चालेल.

ज्यांना अग्नी दिला त्यांचं काय?

आपल्या बहुसंख्य जवानांना कबर नसते. पार्थिव गावी येतं, मानवंदना होते, अग्नी दिला जातो. महायुद्धांत तर पार्थिवही आलं नाही. म्हणून कमिशनने हिंदू आणि शीख सैनिकांसाठी ‘दहन स्मारकं’ केली: देहाचं दहन झालं, नाव भिंतीवर राहिलं. इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर ‘छत्री’ आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या रुग्णालयांत वारलेल्या हिंदू-शीख सैनिकांचं जिथे दहन झालं, त्याच जागेवर ती १९२१ मध्ये बांधली.

रायगड जिल्ह्यातल्या माणगावचे नाईक यशवंत घाडगे यांची गोष्टही अशीच. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटेच ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला गोळी घातली. काडतुसं भरायला सवड नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. त्याच ठाण्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावात. कॅसिनोला त्यांच्या नावाशेजारी इतर शेकडो नावं सारख्याच अक्षरांत आहेत. माणगावात ते एकटे उभे आहेत. मला वाटतं दोन्ही हवं. गावाला आपला माणूस दिसायला हवा, आणि त्याच्या पलटणीच्या बाकीच्यांनाही ओळीत जागा हवी.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाने हाच तोडगा काढला आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते खुलं झालं. गोलाकार भिंतींवर ग्रॅनाइटच्या सारख्या पाट्या आहेत, प्रत्येकीवर एका जवानाचं नाव. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावं होती. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे त्याच परिसरात, पण वेगळ्या ‘परम योद्धा स्थळा’त. त्यांत राण्यांसारखे युद्धातून परतलेलेही आहेत. भिंतीवर समानता, बागेत पराक्रमाची गोष्ट. एकाच दगडावर दोन्ही कामं लादलेली नाहीत.

पुण्यातही कबरीशिवायचे सन्मान पुष्कळ आहेत. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पडले तेव्हा वय अवघं २१. खडकवासल्याच्या एनडीएतलं परेड ग्राउंड त्यांच्या नावाचं आहे आणि त्यांचा ‘फामागुस्टा’ रणगाडा नगरच्या लष्करी केंद्रात जपून ठेवलाय. घोरपडीजवळचं दक्षिण कमांडचं युद्ध स्मारक तर नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालं.

आपली जुनी रीत: वीरगळ

स्मारक ही कल्पना साहेबाने आपल्याकडे आणली असा समज असेल तर वाईजवळच्या किकली गावात जाऊन या. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांची, रांगच आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई: ढाल, तलवार, कधी घोडा, कधी गुरं, कारण गावची गुरं सोडवतानाही माणसं मरत. त्यावर अप्सरा वीराला वर नेताना. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील.

पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. कृत्य दिसतं, माणूस हरवतो. कमिशनच्या दगडावर बरोबर उलट: नाव, वय, तारीख सगळं चोख, पण तो माणूस कसा लढला, याचा मागमूस नाही. पदकविजेत्यांच्या स्मारकाने करायचं काम मला इथे दिसतं. नावाशेजारी कृत्य मांडायचं, म्हणजे सायटेशन, तेही वाचता येईल अशा मराठीत. आज होतं काय, की पुतळा उभा राहतो, खाली ‘वीर जवान अमर रहे’ येतं, उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरांत येतं आणि त्या जवानाने नक्की केलं काय हे कोणालाच कळत नाही.

‘भेदभाव नाही’ हे खरंच पाळलं का?

युरोपात बऱ्यापैकी. बाकी ठिकाणी नाही. खुद्द कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात ते मान्य केलं. पहिल्या महायुद्धातल्या अंदाजे ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी मृतांना इतरांपेक्षा कमी दर्जाची आठवण मिळाली. कुठे सामूहिक स्मारक, कुठे नुसतं नोंदवहीत नाव. आणखी किमान १,१६,००० जणांची नावं कोरलीच गेली नाहीत, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. कमिशनने जाहीर माफी मागितली.

साताऱ्याकडच्या किंवा कोकणातल्या गावांत चावडीच्या, शाळेच्या भिंतीत बसवलेली एक छोटी संगमरवरी पाटी अजूनही दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. फक्त आकडा. साम्राज्याने गावाला नावं द्यायचे कष्टही घेतले नाहीत. ज्या गावांत हे दगड आहेत तिथे त्या आकड्यामागची नावं शोधून शेजारी लावणं हे नव्या पुतळ्यापेक्षा मोठं काम आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

‘इंग्रजांच्या कबरी आपण का सांभाळायच्या?’

पहिली गोष्ट, त्या फक्त इंग्रजांच्या नाहीत, हे वर आलंच. दुसरी, खर्चाचा मुख्य भार आपल्यावर नाही. कमिशनचे सहा सदस्य देश आहेत: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. ज्याचे मृत जास्त त्याचा वाटा जास्त. ब्रिटन तीन चतुर्थांशाहून अधिक देतं, भारताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. बदल्यात फ्रान्सपासून इटलीपर्यंत विखुरलेल्या आपल्या माणसांच्या नावांची निगा राखली जाते. फ्रान्समधल्या नव-शापेलच्या स्मारकावर कबर न सापडलेल्या ४,७०० वर हिंदी सैनिकांची नावं आहेत. तिथलं गवत कापलं जावं असं वाटत असेल तर खडकीचंही कापलं जायला हवं.

‘पदक मिळालेल्याने पुढे काही भलतंच केलं तर?’

हा आक्षेप नवा नाही. १८६१ ते १९०८ या काळात आठ व्हिक्टोरिया क्रॉस परत घेतले गेले, कारणं चोरीपासून द्विभार्या करण्यापर्यंत. पुढे १९२० मध्ये पंचम जॉर्जने मत दिलं की व्हिक्टोरिया क्रॉसवाला खुनासाठी फाशी जात असला तरी फासावर चढताना त्याला तो लावू द्यावा. त्यानंतर एकही परत घेतला गेला नाही. पदक त्या दिवसाचं असतं, अख्ख्या चारित्र्याचं नव्हे. म्हणूनच स्मारकावर सायटेशन असावं आणि गुणगान नसावं.

करायचंच ठरलं तर

कमिशनच्या जागेत खासगी स्मारकाला परवानगी मिळेल या आशेवर समिती स्थापन करू नका; तिथली मांडणी ठरलेली आहे. पलटणीचं आवार, गावची चावडी, शाळा, महापालिकेची बाग या जागा मोकळ्या आहेत. पदकांची यादी करताना दोन रांगा मिसळू नका. परमवीर, महावीर, वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची. अशोक, कीर्ती, शौर्य चक्र ही त्याखेरीजच्या प्रसंगांतल्या शौर्याची. परमविशिष्ट सेवा पदकासारखी पदकं उत्कृष्ट सेवेची. ती शौर्यपदकं नाहीत. स्थानिक फलकांवर ही खिचडी सर्रास दिसते. नावापुढे पदकाची अक्षरं लावायला हरकत नाही. घटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद केले, पण लष्करी सन्मान त्यातून वगळले आहेत.

महायुद्धातल्या पणजोबांचा शोध घ्यायचा असेल तर कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. आडनावाने सापडलं नाही तर हिरमुसू नका. आपल्या शिपायांची नोंद बऱ्याचदा आडनावाशिवाय आहे: स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. शिवाय ती इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तशी लिहिलेली. पलटण आणि मृत्यूचं साल टाकून बघा, गावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करून बघा. नोंद चुकीची आढळली तर पेन्शनची कागदपत्रं, डिस्चार्ज बुक असा पुरावा जोडून दुरुस्तीसाठी कळवता येतं.